अंगणात सौरऊर्जेवर चालणारी सर्परोधक यंत्रे लावावीत का?

गडग्याकाठचे_घर

नमस्कार. आमचे मूळ घर संगमेश्वर तालुक्यात आहे आणि तेथे आई-बाबा दोघेच राहतात. मी नोकरीनिमित्त पुण्यात असतो. घरापुढे खळे, मागे गोठा व न्हाणी, तिन्ही बाजूंना जांभ्या दगडाचा जुना गडगा आणि गडग्यापलीकडे काजूची बाग अशी एकूण रचना आहे. धामण आणि दिवड यांची घरात कोणालाच भीती वाटत नाही, कारण ती पूर्वीपासून परसात दिसत आली आहेत. परंतु यंदा पाऊस सुरू झाल्यावर न्हाणीच्या वाटेवर, आईच्या पायापासून जेमतेम हातभर अंतरावर फुरसे आढळले. तेव्हापासून मला स्वस्थ बसवत नाही.

इंटरनेटवर दोन प्रकारची यंत्रे विक्रीस दिसतात. पहिला प्रकार जमिनीत खुंटीसारखा रोवायचा असतो; वर सौरपट्टी असते आणि ठरावीक सेकंदांनी ते यंत्र गुणगुणून जमिनीत कंपने सोडते. असे एक यंत्र पाचशे-सहाशे चौरस मीटर जागा सुरक्षित ठेवते, असा विक्रेत्यांचा दावा आहे. दुसरा प्रकार घरात विजेच्या खटक्याला लावायचा असून त्यातून माणसाला ऐकू न येणारा ध्वनी निघतो, असे सांगितले जाते. या दोहोंना काही शास्त्रीय आधार आहे का? आणि नसल्यास, सत्तरी ओलांडलेल्या दोन माणसांना रोजच्या रोज झेपेल असा कोणता उपाय करावा? सापांना मारावे अशी आमच्यापैकी कोणाचीही इच्छा नाही.

प्राणिशास्त्र_सांगली

आपल्या दोन यंत्रांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागेल, कारण दुसऱ्याचा निकाल चटकन लावता येतो आणि पहिल्याचा तितक्या चटकन लागत नाही.

खटक्याला लावायच्या यंत्रातून निघणारा श्राव्यातीत ध्वनी वीस हजार हर्ट्झच्या वरचा असतो. सापाला बाह्य कान नसतो आणि कानाचा पडदाही नसतो. त्याच्या आंतरकर्णाला लागून असलेले एक बारीक हाड जबड्याच्या हाडाशी जोडलेले असते, आणि जमिनीतील कंपने तसेच हवेतील खालच्या पट्टीचे ध्वनी कवटी व जबड्यामार्फत आत पोहोचतात. त्यामुळे साप पूर्णपणे बहिरा असतो ही समजूत चुकीची आहे, परंतु त्याची ऐकण्याची कक्षा फार अरुंद आहे. अजगराच्या एका आफ्रिकी जातीवर केलेल्या मोजमापांत सर्वाधिक संवेदनशीलता ८० ते १६० हर्ट्झच्या दरम्यान आढळली, आणि सर्वसाधारणपणे हजार हर्ट्झच्या वर सापांना काही जाणवत असल्याचा पुरावा नाही. म्हणजे जो ध्वनी सापापर्यंत पोहोचूच शकत नाही, तो सोडून सापाला पळवण्याचा हा दावा आहे. उंदीर, झुरळे वगैरेंसाठी विकल्या जाणाऱ्या याच जातीच्या यंत्रांबाबत अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००१ साली साठाहून अधिक उत्पादकांना व विक्रेत्यांना, दाव्यांना शास्त्रीय पुरावा असला पाहिजे अशी ताकीद देणारी पत्रे पाठवली होती. आज ती यंत्रे नव्या वेष्टनात आपल्याकडे विकली जात आहेत, याचा मला मनापासून राग येतो. कारण गिऱ्हाईक म्हणून समोर बहुधा आपल्यासारखा काळजीत पडलेला मुलगा किंवा मुलगी असते.

जमिनीत रोवायच्या यंत्राची गोष्ट वेगळी आहे. त्याची कंपने खालच्या पट्टीतली असतात आणि सापाला ती जाणवू शकतात. प्रश्न असा की जाणवल्यावर साप काय करतो? ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९ सापांना शून्य ते ४५० हर्ट्झच्या दरम्यानचे ध्वनी ऐकवण्यात आले. तैपान, ब्राउन स्नेक आणि डेथ अ‍ॅडर हे विषारी साप ध्वनीपासून दूर जाण्याकडे झुकले, तर वोमा जातीचा अजगर ध्वनीच्या दिशेने सरकला. या प्रयोगात आपल्याकडचे नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसे नव्हते. शिवाय बंद खोलीत, ध्वनी सुरू असेपर्यंत दिसलेला प्रतिसाद आणि महिनोन्‌महिने तोच ठोका वाजत असलेल्या अंगणातील वर्तन या अगदी भिन्न बाबी आहेत. जी कंपने रोज येतात आणि ज्यांच्यामागून कोणताही धोका येत नाही, त्यांच्याकडे प्राणी दुर्लक्ष करायला शिकतो. विहिरीवरच्या मोटारीच्या खोपीत साप निवांत वेटोळे घालून बसलेला आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल.

फुरसे आणि घोणस यांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, आणि आपल्या प्रश्नात तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. धामणीला चाहूल लागली की ती पळते. या दोघांचा मुख्य बचाव मात्र पळण्याचा नसून, अंगावरच्या नक्षीच्या भरवशावर जागच्या जागी निश्चल राहण्याचा आहे. त्यांना कंपन जाणवले तरी ते अंगण सोडून जातील असे मानायला आधार नाही. उलट हलणारा साप निदान दिसतो तरी.

बागायतदार_लांजा

वरील माहितीबद्दल आदर राखून माझा अनुभव नोंदवतो. आम्ही गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास बागेत खुंटीची यंत्रे बसवली आणि पुढे मे अखेरपर्यंत घराजवळ एकही साप दिसला नाही. त्यापूर्वीच्या पावसात बरेच दिसले होते. पुस्तकात काहीही असले तरी ज्याचा प्रत्यक्ष उपयोग होतो ते लावण्यास काय हरकत आहे? शिवाय विजेचा खर्च नाही.

सर्पमित्र_चिपळूण

लांजेकर, आपल्याला आलेला अनुभव खरा आहे, परंतु त्याचे श्रेय यंत्राला देता येईल असे मला वाटत नाही. आमच्याकडे साप पकडण्यासाठी येणारे निरोप जूनपासून वाढतात आणि दिवाळीनंतर उतरतात. पहिल्या पावसात बिळांत पाणी शिरते, उंदीर कोरड्या जागेच्या शोधात घराकडे येतात, बेडूक जिकडेतिकडे होतात आणि त्याच सुमारास नागाच्या व धामणीच्या अंड्यांतून पिल्ले बाहेर पडतात. घोणस तर अंडी न घालता एका वेळी वीस-चाळीस पिल्ले देते. थंडीत सापांचा वावर मंदावतो आणि उन्हाळ्यात ते दिवसा सहसा बाहेर पडत नाहीत. म्हणून दिवाळीला यंत्र लावले काय किंवा नुसती काठी रोवली काय, पुढचे काही महिने साप कमीच दिसणार. या पावसाळ्यात काय दिसते ते आपण अवश्य कळवावे.

हरकत काय, हा आपला प्रश्न मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. पैसे वाया गेल्याचे मला तितके दुःख नाही. अंगणात यंत्र गुणगुणत आहे म्हटल्यावर माणूस रात्री विजेरीशिवाय न्हाणीकडे जातो आणि काळोखात सरपणात हात घालतो. फुरसे वीतभर-हातभर लांबीचे, रंगाने मातीशी व पातेऱ्याशी एकरूप झालेले असते. त्यावर पाय न पडण्याची एकच खात्रीची वाट म्हणजे पायापुढे उजेड असणे. हा उजेड विसरायला लावणारी कोणतीही वस्तू मी माझ्या घरी ठेवणार नाही.

मूळ प्रश्नकर्त्यांना माझी सूचना अशी, की साप आपल्या अंगणात कशासाठी येतो हे आधी पाहावे. त्याला दोनच गोष्टी हव्या असतात, भक्ष्य आणि आडोसा, आणि कोकणातल्या घराभोवती दोन्हींची रेलचेल असते. गोठ्यातले पशुखाद्य आणि भाताची कणगी उघडी असेल तर उंदीर येणारच. पत्र्याचे घट्ट झाकणाचे पिंप हा त्यावरचा सर्वांत साधा उपाय आहे. कोंबड्या असल्यास सांडलेले दाणे संध्याकाळी झाडून घ्यावेत. नारळाची सोडणे, झावळ्या, जुन्या कौलांची चवड आणि पातेऱ्याचे ढीग घराच्या भिंतीला टेकून असतात, ते निदान पंधरा-वीस पावले दूर न्यावेत. सरपण जमिनीवर न रचता दीड-दोन फूट उंच माचावर रचले, तर खाली उजेड राहतो आणि झाडता येते. हे ढीग हलवताना मात्र हाताने उचलू नयेत; पायात गमबूट घालून, लांब दांड्याच्या काठीने आधी हलवून मगच उचलावेत, आणि आई-बाबांऐवजी एखाद्या गड्याकडून दिवसा करून घ्यावे.

दारांच्या खालच्या फटी हा दुसरा मुद्दा आहे. कवड्या आणि मण्यार यांना बोटभर फट पुरते. दाराच्या तळाला रबरी पट्टी बसवणे, न्हाणीच्या मोरीला बारीक जाळी लावणे आणि छपराला टेकलेल्या फांद्या तोडणे ही एका दिवसाची कामे आहेत आणि त्यांचा उपयोग वर्षानुवर्षे होतो. न्हाणीच्या वाटेवर दिवा बसवावा. सौरऊर्जेवरच पैसे खर्च करायचे असतील, तर माणूस जवळ येताच आपोआप लागणारे सौरदिवे त्या वाटेवर लावावेत.

गडग्याकाठचे_घर

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. यंत्रांचा विचार मी सोडून दिला आहे. दोन शंका उरतात. गडगा कोरड्या रचाईचा असून दगडांमध्ये सर्वत्र पोकळ्या आहेत. तो आजोबांच्या हातचा असल्याने पाडण्यास बाबा तयार नाहीत. त्याला जाळी लावून उपयोग होईल का? शेजारी सांगतात की नायलॉनची माशांची जाळी सोडावी आणि कडेने फिनेल व गंधक टाकावे.

सर्पमित्र_चिपळूण

गडगा पाडण्याची मुळीच गरज नाही. संपूर्ण आवाराला सापबंद कुंपण घालणे खर्चिक असते, आणि गडग्यातला साप आतल्या बाजूनेही बाहेर पडतो. त्यापेक्षा घर व न्हाणी यांच्याभोवतीचा लहानसा पट्टाच सुरक्षित करावा. कुंपण घालायचेच असल्यास पाव इंचाहून मोठे छिद्र नसलेली धातूची जाळी घ्यावी, ती सुमारे तीन फूट उंच ठेवावी, खालची कड वीतभर जमिनीत पुरावी आणि वरची बाजू बाहेरच्या दिशेने कललेली ठेवावी. आधाराचे खांब आतल्या बाजूला असावेत. बाहेर असले तर साप त्यांच्यावरूनच वर चढतो. फाटकाखालची फट राहिली तर बाकीचा सर्व खर्च व्यर्थ जातो. गडग्याचा जो भाग घराच्या अगदी लगत आहे, तेवढ्याच्या पोकळ्या मे महिन्यात बुजवाव्यात. त्याच्या पायथ्याचे गवत पावसाळाभर बोटभर उंचीचे राखले, तर बाहेर आलेला साप दिसतो.

नायलॉनची जाळी कृपया लावू नये. साप डोके घालतो, खवले अडकतात, आणि सुटण्याच्या धडपडीत तो कापला जाऊन तडफडून मरतो. अशा जाळ्यांतून मी धामणी सोडवल्या आहेत आणि काही सोडवण्याआधीच मेलेल्या होत्या. शिवाय अडकलेला नाग पाहून घरातले कोणीतरी जवळ जाते, आणि दंश तेव्हाच होण्याची शक्यता असते. फिनेल किंवा गंधक यांनी साप रोखला जात नाही. कोकणच्या पावसात ते तासाभरात वाहून विहिरीकडे जाते. गोठ्यात जनावरे असताना असले द्रव जमिनीवर ओतू नयेत.

आणि धामणीला हाकलू नये. उंदरांचा बंदोबस्त ती विनामूल्य करते.

परिचारिका_ग्रामीण_रुग्णालय

अंगणाविषयी वर पुरेसे लिहिले गेले आहे. मी अंथरुणाविषयी लिहिते, कारण मण्यारीचा दंश बहुधा तेथेच होतो. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते आणि तिच्या दंशाच्या खुणा व वेदना इतक्या कमी असतात की रुग्ण पुष्कळदा पहाटे पोटदुखी, जड झालेल्या पापण्या आणि गिळताना होणारा त्रास घेऊन येतो. आई-बाबा उकाड्यामुळे पडवीत जमिनीवर झोपत असतील, तर खाट घ्यावी आणि मच्छरदाणी चारही बाजूंनी गादीखाली खोचावी. नेपाळच्या तराईतील अभ्यासात मच्छरदाणी सर्पदंशापासून संरक्षण देते असे दिसून आले आहे, आणि ज्या यंत्रांची येथे चर्चा झाली त्यांच्या किमतीत ती सहज येते.

२००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी सुमारे ५८ हजार मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. त्यांतले बरेच वेळेवर प्रतिविष मिळाल्यास टळले असते. आपल्याकडे मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालते. त्यामुळे साप मारून किंवा पकडून रुग्णालयात आणण्याची आवश्यकता नसते. दंश झाल्यास अंगठी, बांगड्या, पैंजण लगेच काढावेत, तो अवयव फळीच्या आधाराने स्थिर ठेवावा, दोरी आवळू नये, जखमेवर पाते चालवू नये, आणि मांत्रिकाकडे जाण्यात वेळ न दवडता १०८ क्रमांकावर फोन करावा. फुरशाच्या दंशात सुरुवातीला केवळ सूज दिसते. हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त जाणे नंतर सुरू होऊ शकते. म्हणून बरे वाटते आहे असे समजून घरी थांबू नये.

पुढच्या वेळी आपण गावी जाल तेव्हा जवळच्या कोणत्या रुग्णालयात प्रतिविष असते आणि रात्री डॉक्टर हजर असतात, याची स्वतः जाऊन चौकशी करावी. त्या रुग्णालयाचा, जवळच्या रिक्षावाल्याचा आणि सर्पमित्राचा क्रमांक आईंना चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत फोनशेजारी भिंतीवर लावून द्यावा.