लाइम (गोचिडीच्या चाव्यातून होणारा जंतुसंसर्ग) एकदा होऊन गेल्यावर पुन्हा होतो का? नवऱ्याच्या पायावर चट्टा आलाय, मदत हवी आहे

आम्ही अमेरिकेत कनेक्टिकटमध्ये राहतो. घरामागे दाट झाडी आणि हरणांची सतत ये-जा. नवऱ्याला दोन उन्हाळ्यांपूर्वी लाइम झाला होता. तेव्हा काखेजवळ चट्टा होता, डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक घेतल्यावर पूर्ण बरा झाला.

आता गुडघ्याच्या मागे लवणीत नवा चट्टा आलाय. आधी रुपयाएवढा होता, आता तळहाताहून मोठा झालाय. खाज नाही, दुखत नाही, हात लावला तर किंचित गरम लागतो. फोटोंत दाखवतात तसं मधे टिपका आणि भोवती कडं असं काही नाही. वर्ण सावळा असल्यामुळे लाल कमी, मुका मार लागल्यासारखा जांभळटच जास्त दिसतो. गोचीड चावल्याचं त्याला आठवत नाही.

दवाखान्यात फोन केला तर म्हणाले, "एकदा होऊन गेलाय ना, मग कोळी चावला असेल. हवं तर रक्त तपासा." मला फार काळजी वाटतेय. कुणाला दुसऱ्यांदा झालाय का? डॉक्टरांनी कशावरून ठरवलं?

प्रतिसाद:
ताई, पुन्हा होतो. मला न्यू जर्सीत दोनदा झालाय. या जंतूंचे बरेच उपप्रकार आहेत आणि एकाविरुद्धची प्रतिकारशक्ती दुसऱ्याला रोखेलच असं नाही.

रक्ताच्या तपासणीवर अडून राहू नका. जुन्या अँटीबॉडी (जंतूंशी लढायला रक्तात तयार होणारी प्रथिनं) वर्षानुवर्षं राहतात, त्यामुळे पॉझिटिव्ह आली तरी जुनी की नवी ते कळत नाही. आणि सुरुवातीला ती निगेटिव्हही येते. असा चट्टा असेल तर डॉक्टर तो बघूनच उपचार सुरू करतात. गोचिडीच्या चाव्याची नुसती ॲलर्जी असेल तर लाली एक-दोन दिवसांतच उठते, सहसा ५ सेंटीमीटरहून लहान राहते आणि ओसरते. लाइमचा चट्टा ३ ते ३० दिवसांत उठतो आणि पसरत जातो. कडं सगळ्यांना दिसतंच असं नाही.

चट्ट्याच्या कडेने पेनाने रेघ मारा, शेजारी पट्टी ठेवून रोज फोटो काढा आणि आजच प्रत्यक्ष दाखवा. जागा वेगळी आहे, पसरतोय, आधीचा पूर्ण बरा झाला होता, हे तिन्ही स्पष्ट सांगा. तोंड एका बाजूला वाकडं झालं, छातीत धडधडलं किंवा चक्कर आली तर थेट इमर्जन्सी गाठा.

धागाकर्ती:
खूप आभार. दुसऱ्या डॉक्टरांनी चट्टा पाहताच लाइम म्हटलं. डॉक्सिसायक्लिन सुरू झालंय, १० दिवस. गोळीच्या वेळी दूध-दही नको आणि उन्हात जपायला सांगितलंय. चट्टा फिका पडायला तुम्हाला किती दिवस लागले?