शहापूरचं मतदान : तुमच्याही आठवणी लिहा

डोळखांबकर_ठाणे
काल माळा आवरताना बाबांच्या डायरीत १९९५ ची मतदाराची चिठ्ठी सापडली. कागद पिवळा पडलाय, पण अनुक्रमांक स्पष्ट दिसतो. बाबा आयुष्यभर वागळे इस्टेटला नोकरीत, राहायला किसननगरला, पण नाव शेवटपर्यंत शहापूर तालुक्यातल्या गावच्या यादीत. मतदानाच्या आदल्या संध्याकाळी आम्ही कसारा गाडीने आसनगावला उतरायचो, पुढे एसटी. रात्री कंदिलाखाली बाबा आजीला वर्तमानपत्राच्या कागदावर मतपत्रिकेची घडी शिकवायचे. आधी उभी, मग आडवी. उलटी घातली तर ओली शाई दुसऱ्याच्या चिन्हावर उमटते आणि मत बाद. आजी तीनतीनदा घालून दाखवायची. त्या वर्षी दौलत दरोडा पहिल्यांदा निवडून आले. आजीने शिक्का कुणावर मारला ते बाबांनाही कधी सांगितलं नाही. चिठ्ठी हातात आली आणि कामच सुचेना. शहापूर मतदारसंघातले इथे बरेच आहात, लिहा ना.

वासिंदची_लेक
दादा, डोळे भरले. माझी आठवण २०१९ ची. २०१४ ला पांडुरंग बरोरा घड्याळावर, दरोडा धनुष्यबाणावर. २०१९ ला बरोबर उलटं! आईला समजावता समजावता भाकरी करपली. ती म्हणाली, "मला मानूस सांग, चिन्न मी बघते." आमच्याकडे असंच आहे, लोक घर बघतात. पांडुरंगचे वडील, माजी आमदार महादू बरोरांना मानणारी म्हातारी माणसं अजून त्यांचंच नाव घेतात. बाकी नंतर लिहिते, कुकर लावलाय.

प्रवासी_कळवा
२०२४ ला घड्याळ विरुद्ध तुतारी, माणसं तीच दोन. आणि निकाल दोन हजारांच्याही आतला! आमच्या चाळीत गावाकडचे चौदा मतदार, गेलो फक्त पाच. बुधवार होता, सुट्टी होती, तरी. मला अजून लागून राहिलंय ते.

गुरुजी_निवृत्त
मी मतदार नाही, पण २०१९ ला केंद्राध्यक्ष म्हणून एका पाड्यावर होतो. आदल्या दिवशी साहित्य घेऊन पोचलो तर शाळेत दिवा होता, पाणी नव्हतं. शेजारच्या घरातल्या बाईंनी एक हंडा आणून ठेवला. पाचजणांना एक हंडा, आणि तो तिने डोक्यावरून किती लांबून आणला ते सकाळी कळलं. पहाटे अभिरूप मतदान, म्हणजे यंत्राची चाचणी, मग सात वाजता सुरुवात. दुपारपर्यंत शुकशुकाट, मला वाटलं बहिष्कार आहे की काय. हळवं, म्हणजे लवकर तयार होणारं, भात कापणीला आलेलं होतं. बाराच्या पुढे बायकांची रीघ लागली, विळे बाहेर भिंतीला टेकवून आत. हाताला चिखल, म्हणून आमच्या पथकातल्या पोरीने बोट पुसून मग शाई लावली. एका आजींनी मला विचारलं, "साहेब, पानी याच्यातून येल का?" मी गप्प राहिलो. त्या हंड्यातलं पाणी आम्ही दोन दिवस घोट घोट पुरवलं.

खर्डी_टू_ठाणे
गुरुजी 🙏 हेच तर. आपल्या तालुक्यातलं तानसा धरण १८९२ पासून मुंबईला पाणी देतोय, मुंबईचं जवळजवळ निम्मं पाणी एकट्या भातसा धरणाचं, तेही आपल्याच तालुक्यातलं. ठाण्यात आपण नळ सोडतो त्यातलं बरंच पाणीसुद्धा पिसे गावच्या बंधाऱ्यावरून उचललेलं, म्हणजे भातसाच. आणि माझी वहिनी एप्रिल-मेमध्ये टँकर विहिरीत ओतला की दोरीचा पोहरा घेऊन पळते. प्रत्येक निवडणुकीत भाषण पाण्यावरच होतं. मी लहान असताना ऐकलेलं आता माझी पोरं ऐकतात.

मीठभाकर
पोहरा शब्द किती वर्षांनी वाचला!

वासिंदची_लेक
आमच्याकडे अजून आहे, पितळी. सासूबाई हात लावू देत नाहीत.

मीठभाकर
फोटो टाका ताई.

आटगाव७
एक विचारू का, राग मानू नका. जागा अनुसूचित जमातीसाठी राखीव, त्यामुळे आमच्यासारख्या कुणब्यांच्या घरातलं कोणी उभं राहू शकत नाही. पोरं कुरकुरतात. माझे वडील त्यांना एकच सांगायचे, धरणात पाडे ज्यांचे बुडाले त्यांचा माणूस विधानसभेत गेलाच पाहिजे. मला ते पटतं. जिल्ह्यात १८ जागा, त्यात आदिवासींसाठी दोनच, आपली आणि भिवंडी ग्रामीण.

खर्डी_टू_ठाणे
राग कसला दादा. तुमचे वडील मोठ्या मनाचे.

नवीन_घोडबंदर
मी नाव ठाण्यात आणायचा विचार करतोय. फॉर्म ८ च ना? की आधी तिकडचं कमी करावं लागतं?

गुरुजी_निवृत्त
फॉर्म ८, स्थलांतराचा. वेगळा कमी करायचा अर्ज नको. पण दोन्हीकडे नाव ठेवू नका, तो गुन्हा आहे.

प्रवासी_कळवा
नका ना आणू! आत्ताच सांगितलं किती थोडक्यात गेलं ते.

नवीन_घोडबंदर
काका, माझी बायको इथली, मुलीची शाळा इथली. रस्ता, पाणी, कचरा सगळं इथलं. गावाला गेलो तरी दोन दिवस. मला मत जिथे राहतो तिथे द्यायचंय. आईला वाईट वाटेल म्हणून थांबलोय फक्त.

प्रवासी_कळवा
तुझंही बरोबर आहे. आईशी बोल आधी.

डोळखांबकर_ठाणे
सगळं वाचलं. आज जेवताना आईला घडीचं विचारलं. तिने पेपरचा कागद घेतला आणि न बघता घातली, आधी उभी, मग आडवी. माझ्या मुलीने विचारलं, हे काय आहे? आता दोघी बसल्यात, अख्खा पेपर संपवलाय. वासिंदच्या ताई, पोहऱ्याचा फोटो राहिला.