नाशिकमध्ये राहून क्लिनिकल रिसर्चमध्ये शिरायचंय, कोर्सला पैसे घालू की सरळ हॉस्पिटलमध्ये सीआरसी (क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर) म्हणून लागू?

दिंडोरीची_बीफार्म
नमस्कार, यंदा बी फार्म झालं माझं. घरच्यांना दोनच रस्ते माहितीयेत, एक तर एमआर नाहीतर सातपूर-अंबडला क्यूसी (गुणवत्ता तपासणी), पण मला थर्ड इयरपासून क्लिनिकल रिसर्चच, म्हणजे औषधांच्या माणसांवरच्या चाचण्यांचं काम करायचंय. एका इन्स्टिट्यूटने पीजी डिप्लोमाची फी लाखाच्या वर सांगितलीय, शंभर टक्के प्लेसमेंट म्हणतायत आणि सीट ब्लॉक करा म्हणून रोज फोन येतात. पप्पा अजून द्राक्षबागेचं कर्ज फेडतायत, त्यांच्याकडे एवढे पैसे मागायचं जिवावर येतंय. पुण्याला लगेच जाणं शक्य नाही. त्यात आजी म्हणते माणसांवर औषधाचे प्रयोग करायचं काम आपल्याला नको. या फील्डमधल्या कोणीतरी खरं काय ते सांगा प्लीज, कोर्स केल्याशिवाय खरंच कोणी घेत नाही का? आणि पुढे जाऊन यात वाढ आहे का?

साइटवरची_ताई
अगं आधी एक कर, तो फोन उचलणं बंद कर. प्लेसमेंटची गॅरंटी लेखी मागून बघ, आणि मागच्या बॅचच्या चार मुलांचे नंबर माग, मग कळेलच तुला.

आता कामाचं बोलते. मी नाशिकमध्येच हॉस्पिटल साइटवर, म्हणजे जिथे ट्रायल (औषधाची चाचणी) चालते तिथे, सीआरसी म्हणून सुरुवात केली, आता टीम बघते, आणि फ्रेशर घेताना आम्ही डिप्लोमा शोधत नाही. जीसीपी (ट्रायल नीट चालवायची आंतरराष्ट्रीय नियमावली) माहितीये का, मराठीत पेशंटशी नीट बोलता येतं का, आणि तिने लिहिलेलं दुसऱ्याला वाचता येतं का एवढं बघतो. जीसीपीचं ट्रेनिंग ऑनलाइन फुकट मिळतं, द ग्लोबल हेल्थ नेटवर्कवर आहे, सर्टिफिकेटही मिळतं. फक्त कोर्स जीसीपीच्या ई६ आर३ या आवृत्तीवर आहे ना ते बघ, कारण ही नवी आवृत्ती जानेवारी २०२५ मध्ये फायनल झाली आणि काही ठिकाणी जुनी आर२ च शिकवत असतात. त्याच्या जोडीला आपले न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्स २०१९ डाउनलोड करून घे आणि एथिक्स कमिटी (ट्रायलला मंजुरी देणारी समिती), कन्सेंट (पेशंटची संमती), एसएई (ट्रायलमधल्या पेशंटला झालेला गंभीर त्रास) आणि कॉम्पेन्सेशन एवढी प्रकरणं तरी नीट वाच. इंटरव्ह्यूत निम्मे प्रश्न तिथलेच असतात.

नोकरी कुठे शोधायची तर सीटीआरआय, म्हणजे भारतातल्या ट्रायल्सची ऑनलाइन नोंदवही, उघड. २००९ पासून भारतात ट्रायल सुरू करायच्या आधी तिथे नोंद करावीच लागते आणि प्रत्येक नोंदीत साइटचं नाव, पत्ता, इन्व्हेस्टिगेटर (ट्रायल बघणारे डॉक्टर) सगळं दिलेलं असतं. नाशिक टाकून शोध, कॅन्सर, हार्ट, डायबेटिस असं एकेक बघ, कुठल्या हॉस्पिटलमध्ये काय चालू आहे ते समोर येईल. मग सीव्ही घेऊन स्वतः जा. मुंबई नाका, गंगापूर रोड, जिथे असेल तिथे, ओपीडी संपायच्या वेळेला जा आणि रिसर्च कोऑर्डिनेटर कोण आहेत विचार. नुसत्या जॉब पोर्टलवर बसून राहिलीस तर नाशिकच्या जागा दिसणारच नाहीत, इथे बरंचसं तोंडीच कळतं. आणि एसएमओ म्हणून कंपन्या असतात त्या हॉस्पिटलला सीआरसी पुरवतात, त्यांनाही मेल टाकून ठेव.

काम कसं असतं ते पण ऐक, म्हणजे नंतर घाबरायला नको. समज ट्रायलमधल्या आजींचा मुलगा रविवारी रात्री फोन करतो, ताई आईला निफाडला ॲडमिट केलंय, डेंग्यू निघाला. औषधाशी त्याचा काही संबंध नसेलही, पण ॲडमिट झाली म्हणजे ती एसएई, आणि नियमाप्रमाणे घटना घडल्यापासून २४ तासांत स्पॉन्सर (ट्रायल करवणारी कंपनी), एथिक्स कमिटी आणि सीडीएससीओ (केंद्राची औषध नियामक संस्था) तिन्हीकडे रिपोर्ट गेला पाहिजे. रिपोर्ट करायची जबाबदारी इन्व्हेस्टिगेटरची असते पण कागद गोळा करणारी, निफाडच्या हॉस्पिटलमधून डिस्चार्ज समरी मागवणारी, डॉक्टरांची सही घेणारी तू असतेस. मग तिथे रविवार बघायचा नसतो.

पीव्हीवाला_नाशिककर
फक्त साइटच का? बी फार्मवाल्यांना फार्माकोव्हिजिलन्स पण आहे. औषधाच्या साइड इफेक्टच्या केसेस येतात, त्या वाचून डेटाबेसमध्ये भरायच्या, मेडड्रा कोडिंग (ठरलेल्या वैद्यकीय शब्दसूचीतले कोड लावणं), नॅरेटिव्ह म्हणजे केसची हकीकत लिहायची. कंपनीने रिपोर्ट पाठवायच्या आंतरराष्ट्रीय टाइमलाइन कडक असतात, ट्रायलमध्ये औषधामुळे अनपेक्षित मृत्यू किंवा जिवावरचं काही झाल्याचा संशय असेल तर ७ दिवस, बाकी गंभीर अनपेक्षित केसला १५ दिवस. जागा बहुतेक पुणे, मुंबई, हैदराबाद, बंगळूरला. इंग्रजी लिहिणं चांगलं असेल आणि शांत बसून वाचायची आवड असेल तर बघ, पेशंट मात्र कधी दिसत नाही.

बॅगेतच_घर
मी सीआरए (क्लिनिकल रिसर्च असोसिएट) आहे, साइट मॉनिटर करतो, म्हणजे तिथलं काम आणि कागद तपासतो. ताईंचं बरोबर आहे, साइटवरून सुरुवात कर. डायरेक्ट सीआरए व्हायची सगळ्यांना घाई असते पण ज्याने स्वतः कधी सोर्स (पेशंटची मूळ नोंद) लिहिला नाही तो दुसऱ्याचा काय तपासणार?

माझ्या कामात बघतो ते सांगतो. कन्सेंट फॉर्मवर पेशंटची सही सकाळी ११.२० ची आणि लॅबच्या रिपोर्टवर रक्त घेतल्याची वेळ १०.५०. म्हणजे ट्रायलमध्ये यायचं की नाही हे माणसाने ठरवायच्या आधीच ट्रायलसाठी त्याचं रक्त घेतलं. कोऑर्डिनेटर म्हणते सर तो सुरगाण्याहून उपाशीपोटी आला होता, चक्कर येईल म्हणून आधी घेऊन टाकलं. माणुसकी म्हणून मला पटतं पण हे डेव्हिएशनच (ठरलेली पद्धत मोडणं) आहे आणि मला लिहावंच लागतं. चांगली सीआरसी अशा पेशंटला पहिल्या दिवशी फक्त माहिती देते, कागद घरी वाचायला देते, आणि पुढच्या खेपेला कन्सेंट आणि मग रक्त. वाचता येत नसेल तर तटस्थ साक्षीदार हवा, तो पूर्ण वेळ समोर बसलेला हवा, नंतर बोलावून सही घेतलेला नाही चालत. खाडाखोड झाली तर एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही आणि तारीख. व्हाइटनर टेबलावर पण ठेवू नको.

वाढीचं विचारलंस ना, सीआरसीवरून सीआरए, मग सीनियर, पुढे लीड किंवा प्रोजेक्ट मॅनेजर असं जाता येतं. सीआरए झालीस की फिरणं खूप, आता काही मॉनिटरिंग रिमोट होतं पण साइटवर जावंच लागतं. घरच्यांशी हे आत्ताच बोलून ठेव.

दिंडोरीची_बीफार्म
खूप खूप आभार सगळ्यांचे, सीटीआरआयचं तर मला कॉलेजमध्ये कोणी सांगितलंच नव्हतं, आत्ताच नाशिक टाकून बघितलं, खरंच हॉस्पिटलं निघाली. पण आजीला काय सांगू? तिला वाटतं गरिबांना फसवून औषधं देतात.

साइटवरची_ताई
आजीला उडवून लावू नकोस, तिची भीती खोटी नाहीये. पूर्वी या देशात कन्सेंटचे घोळ झालेत, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, त्याच काळात २०१३ मध्ये ट्रायलमुळे इजा झाली तर भरपाई द्यायचा नियम आला. आता एथिक्स कमिटीच्या मंजुरीशिवाय एकही पेशंट घेता येत नाही, त्या कमिटीत डॉक्टरांसोबत कायद्याचा माणूस आणि एक साधा सामान्य माणूस पण लागतो, आणि निम्मे सदस्य त्या संस्थेबाहेरचे असावे लागतात. पेशंट कधीही, कारण न सांगता बाहेर पडू शकतो आणि त्याचे पुढचे उपचार थांबवता येत नाहीत.

पण हे सगळं कागदावरचं झालं. प्रत्यक्षात पेशंटच्या समोर खुर्ची ओढून बसून, ही ट्रायल आहे, हे औषध अजून सिद्ध झालेलं नाही, कदाचित तुम्हाला औषध नसलेली गोळी पण मिळेल, नको असेल तर स्वच्छ नाही म्हणा, हे त्याच्या भाषेत कोणीतरी सांगावं लागतं. डॉक्टर सांगतातच, पण डॉक्टर उठून गेल्यावर पेशंट हळूच कोऑर्डिनेटरला विचारतो, ताई, तुम्ही माझ्या जागी असता तर? तेव्हा त्याला ट्रायलकडे न ढकलता त्याचे प्रश्न परत डॉक्टरांपुढे मांडणारी मुलगी तिथे हवी. आजीला सांग, म्हणून मी जातेय.

आणि तू दिंडोरीची आहेस याचा इंटरव्ह्यूत उल्लेख कर. ऑक्टोबर छाटणीला किंवा काढणीला आपले शेतकरी पेशंट व्हिजिटला येत नाहीत, विंडो (व्हिजिटसाठी ठरलेले दिवस) निघून जाते आणि डेव्हिएशन होतं. जिला बागेचं कॅलेंडर पाठ आहे ती पेशंटशी आधीच बोलून विंडोमधला सोयीचा दिवस ठरवेल. सीव्ही एका पानाचा कर, फोटो नको, जीसीपी सर्टिफिकेट जोड. कुठल्या हॉस्पिटलला जाणारेस ते इथे नको, मला मेसेज कर, त्यांच्याकडे सध्या कोण बघतंय ते सांगते.