मदत हवी आहे: चक्रवाक आणि मोनाल एकाच फेरीत?

मंडळी, आईला घेऊन उत्तराखंडात पक्षी बघायला जायचंय. आधी डेहराडूनजवळचा आसन बंधारा, मग चोपता, शेवटी नैनितालजवळचं सातताल-पंगोट. घोडं अडलंय महिन्यावर. आसनला चक्रवाक (नारिंगी रंगाचं बदक) हिवाळ्यातच. मार्च सरता सरता ते लडाख-तिबेटकडे निघतात. उलट जानेवारी-फेब्रुवारीत चोपत्याचा रस्ता बर्फाने कधी बंद होईल सांगता येत नाही, आणि मोनाल (हिमालयातला रंगीबेरंगी, कोंबड्यासारखा पक्षी) तर तिथेच बघायचाय, तुंगनाथच्या देवळाच्या वाटेवर. मार्चचा पहिला आठवडा जमेल का? आईचे गुडघे कुरकुरतात, त्यामुळे गाडीरस्त्यावरूनच मोनाल दिसण्याजोगी जागा कुणी सांगितली तर सोन्याहून पिवळं. पक्ष्यांची जाण असलेला स्थानिक वाटाड्या कुणी घेतला होता का? नुसता ड्रायव्हर नको, वळणावळणावर हॉर्न वाजवतो आणि झाडी रिकामी करतो.