इस्टेट सेलमधली मण्यांची जुनी पर्स धुवावी का?

रेवा_एनजे
इकडे न्यू जर्सीत एका इस्टेट सेलमधे (घरातलं जुनं सामान विकायला काढतात तो) मण्यांची छोटी पर्स मिळाली, अगदी राईपेक्षा बारीक धातूचे मणी, सोनेरी-तांबूस नक्षी, खाली झालर, आत अस्तरावर 'मेड इन फ्रान्स'ची पट्टी. झालरीच्या काही सरी तुटल्यात आणि मधे काळपट डाग आहे. कोमट पाण्यात शाम्पू टाकून धुतली तर चालेल का? आणि साधारण कधीची असेल? विकायची नाहीये, लेकीच्या लग्नात पैठणीवर घ्यायचीय.

मणीवेडी
थांबा, पाणी अजिबात लावू नका!! आधी फ्रिजवरचं मॅग्नेट जवळ नेऊन बघा. चिकटलं तर ते कट स्टीलचे मणी, म्हणजे पोलादाचे, पैलू पाडलेले, म्हणून तर दिव्याखाली एवढे चमकतात. डाग बहुतेक गंजाचा असणार आणि पाण्याने तो वाढतो, मण्याच्या भोकात गंज चढला की आतला दोराच कुजतो मग एक सर तुटली की पुढचे मणी घरंगळत जातात. कोऱ्या मऊ ब्रशने नुसती धूळ झटका. 1891 पासून अमेरिकेत आयात मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं, म्हणजे पट्टी मूळचीच असेल तर पर्स त्यानंतरची. माझा अंदाज 1920 च्या दशकातली, तेव्हा फ्रान्समधून अशा खूप यायच्या.

काचमणी_पुणे
मणी सरळ उभ्या-आडव्या ओळीत बसलेत का तेही बघा, तसं असेल तर मागावरचं काम. माझ्याकडे आहे ती त्याआधीची, सुईवर विणलेली, काचेच्या मण्यांची. त्यात नक्षीचे सगळे रंग विणायच्या आधीच क्रमाने रेशमी दोऱ्यात ओवून ठेवायचे, एक मणी चुकला की पुढचं सगळं फूल सरकलं! हे काम करणाऱ्या बायकांचं मला फार कौतुक वाटतं.

रेवा_एनजे
मॅग्नेट चिकटलं! ओळीही सरळ आहेत. मग लग्नात घेऊ की नको?

मणीवेडी
घ्या की, पण आत फक्त रुमाल, मोबाईल नको. आणि साखळीला लटकवू नका, मण्यांचंच वजन खूप असतं, तळहातावर धरा. त्याआधी तुटलेल्या सरींची टोकं बारीक दोऱ्याने बांधून घ्या, सुटलेले मणी डबीत जपून ठेवा, तसल्या मापाचे परत मिळत नाहीत. एरवी अॅसिड-फ्री टिश्यूत, म्हणजे आम्ल नसलेल्या पातळ कागदात, आडवी ठेवायची, सोबत सिलिका जेलची पुडी.