डाग म्हणजे विष नव्हे

कपिंगमध्ये कातडीवर कप लावून आतली हवा काढतात, त्या ओढीने कातडी वर खेचली जाते आणि नंतर गोल डाग उरतो. ‘डाग जितका काळा, तितकं विष बाहेर’ असं काहीजण म्हणतात, ते मत पटत नाही. ओढीने कातडीखालच्या केशवाहिन्या (केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या) फुटतात आणि रक्त तिथेच झिरपतं, तोच तो डाग. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये जलतरणपटू मायकेल फेल्प्सच्या खांद्यांवर दिसले तेही हेच. आखडलेपणा तात्पुरता सैल होतो, हे मात्र मान्य.

धावणाऱ्यांच्या पोटरीसाठी कप एका जागी ठेवण्यापेक्षा सरकवता येतो. भरपूर तेल लावा, पंपाने हवा काढायच्या कपाला पंपाचे एकदोनच झटके द्या आणि टाचेकडून गुडघ्याकडे सावकाश ३ ते ५ मिनिटं फिरवा. गुडघ्यामागची खळगी टाळा. कप अडला तर ओढ जास्त झाली आहे. ओढून काढू नका, वरची झडप उचलून हवा आत घ्या. स्थिर कप १० मिनिटांवर नको, फोड येतात. लगेच टाचा उचलण्याचा व्यायाम करा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा शिरा फुगल्या असतील तर हा प्रकार नकोच. एकच पोटरी सुजून गरम लागत असेल तर आधी डॉक्टर गाठा, शिरेत गुठळी असू शकते.