मदत हवी आहे: भाऊबीजेला अलिबागचा किल्ला, आत्या आणि ओहोटी

गेल्या पाडव्याला आम्ही सातजण गेटवेहून मांडव्याच्या बोटीत बसलो. आईने चिवड्याचा डबा उघडला मात्र, सीगल पक्ष्यांनी धाडच घातली. अर्धा डबा त्यांचा फराळ झाला. (शंकरपाळ्याही आवडतात त्यांना, कडबोळी नाही.)

अलिबागला पोचलो भर दुपारी. कुलाबा किल्ल्यात चालत जायचं म्हणून बूट हातात घेऊन तयार, आणि समोर पूर्ण भरती! शहाळीवाले काका हसून म्हणाले, "तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. शहरात कॅलेंडर नसतं का?" प्रतिपदेला पाऊणच्या सुमारास. आम्ही अगदी मुहूर्त साधून पोचलो होतो.

यंदा भाऊबीजेला पुन्हा जायचंय. द्वितीया, म्हणजे भरती दीडला आणि ओहोटी सकाळी साडेसातच्या आसपास. हिशोब बरोबर आहे ना? आदल्या दिवशी मुक्कामाला जाणारच आहोत.

खरी अडचण आत्याची. वय ७४, गुडघे कुरकुरतात, पण किल्ल्यातल्या गणपतीचं दर्शन घेतल्याशिवाय बाबांना ओवाळणार नाही असं तिने जाहीर केलंय. इतक्या सकाळी, तेही सणाच्या दिवशी, घोडागाडी मिळेल का? आदल्या दिवशी सांगून ठेवता येते का? गाडी दरवाजाच्या किती जवळ जाते? आत पायऱ्या किती? आणि ओहोटी लागल्यावर परतायला साधारण किती वेळ हातात असतो?

कुणी वयस्कर माणसांना घेऊन गेलं असेल तर प्लीज सांगा. बाबा उपाशी राहतील हो.